भूमध्य समुद्राची रंगीत तालीम

भूमध्य समुद्र नकाशात नेमका कुठे आहे हे मला ज्या दिवशी कळलं, त्याच्या आदल्याच दिवशी तो आईला दाखवण्याचं मी जाहीर करून बसलो होतो. जाहीर म्हणजे चांगलं तीस-पस्तीस माणसांत, पंगतीत, हातात बुंदीचा लाडू असताना.

आईला एक्याऐंशीवं लागलं म्हणून अमरावतीच्या आमच्या घरी छोटासा कार्यक्रम ठेवला होता. अकोल्याहून माझी बहीण साधना, तिचे यजमान कुंदनराव आणि सासूबाई पार्बताबाई अशी सगळी फौज आली होती. कुंदनरावांनी नुकतंच आपल्या आईला सिंगापूर दाखवून आणलं होतं, आणि पार्बताबाई वरणभातापासून मठ्ठ्यापर्यंत एकाच गोष्टीवर बोलत होत्या. समुद्र असा, समुद्र तसा, समुद्रावरचा वारा पदर राहू देत नाही. माझी आई खुर्चीवर बसून ऐकत होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. तीन वर्षं झाली, पलंग ते न्हाणीघर एवढाच तिचा मुलूख आहे, तोही वॉकर धरून.

ऐकता ऐकता ती शांतपणे म्हणाली, "मी त आजवर समुद्र पाह्यलाच नाई. चालता येते तवर एकदा पाहीन म्हणत होती. आता काय."

कुंदनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर चांगली ठाऊक आहे. अकोल्याच्या माणसानं अमरावतीच्या माणसाकडे असं पाहिलं की काय होतं ते दोन्हीकडच्या लोकांना सांगायला नको. त्या सकाळी फोनवर एक जाहिरात पाहिली होती, पांढरंशुभ्र जहाज आणि निळंशार पाणी. तेवढ्या भांडवलावर मी म्हणालो, "आई, तुला मी भूमध्य समुद्र दाखवतो. जहाजातून."

रात्री आठवून आठवून अंगाला घाम फुटला वगैरे काही झालं नाही. मी आत्मविश्वासाचा माणूस आहे. सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत एकतीस वर्षं काढलीत. लोकांच्या रजेचे, बदलीचे, पेन्शनचे कागद माझ्यासमोर येतात आणि त्यात त्रुटी काढून मी ते परत पाठवतो. ह्या शेखर खेरडेच्या टेबलावरून पहिल्या फेरीत पुढे गेलेली फाईल आजतागायत कोणी पाहिलेली नाही. असा माणूस स्वतःचे कागद करायला बसला तर चूक व्हायला जागा राहील का, तुम्हीच सांगा.

शिवाय विचार केला तर बेत बिनतोड होता. ज्याला चालता येत नाही त्याला गावोगाव फिरवण्यापेक्षा हॉटेलच गावोगाव फिरलं तर किती बरं. एकदा सामान लावलं की संपलं. जहाजात लिफ्ट असते, व्हीलचेअर आत जाईल असा रुंद दरवाजा असतो. माझी बायको रागिणी हिला हे सगळं मी पटवून दिलं. ती म्हणाली, तुम्ही मायलेकरं जा, मला जहाजाच्या नुसत्या फोटोनं मळमळतं, शिवाय दोन आठवडे घर शांत राहील. शेवटच्या वाक्याकडे मी दुर्लक्ष केलं.

पर्यटनाचं काम पिंटूकडे दिलं. नावावर जाऊ नका, पिंटू पंचावन्न वर्षांचा आहे, पांढऱ्या मिशा आहेत, आणि त्यानं अर्धी अमरावती चारधामला नेऊन सुखरूप परत आणली आहे. तो म्हणाला, साहेब, दोघांचेही पासपोर्ट दाखवा. मी म्हणालो, आईचा काढायचा आहे, आणि माझ्या कागदांची काळजी तू करू नकोस. माझा पासपोर्ट दहा वर्षांपूर्वी नेपाळला जायचं म्हणून काढला होता. काढल्यावर कळलं की नेपाळला लागत नाही. मग त्या रागात नेपाळही राहिलं. तेव्हापासून तो लोखंडी कपाटात, डांबरगोळ्यांच्या सहवासात, कोरा करकरीत पडून होता. आम्ही तो कोणाला हात लावू देत नाही.

आईच्या पासपोर्टला मात्र पहिल्याच दिवशी खीळ बसली. तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख नाही, नुसतं साल आहे. पोस्टातल्या पासपोर्टच्या खिडकीवरचा मुलगा म्हणाला, शाळेचा दाखला आणा. आई चौथीपर्यंत शिकली ती मोर्शीजवळच्या तिच्या माहेरच्या गावी. आईला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं आणि गेलो. मी एकटा गेलो असतो, पण ती म्हणाली की शाळा कोणती ते तुले काय ठाऊक. गावात शाळा एकच होती. हेडमास्तरांनी दोन तास धूळ झटकून रजिस्टर काढलं. त्यात आईच्या, म्हणजे माणिकबाई नावाची मुलगीच नव्हती. होती ती मनकर्णा नत्थुजी.

आता हे तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर बायकोचं नवं नाव लिहितो आणि सगळे टाळ्या वाजवतात. सहदेवरावांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, अंगठीनं 'माणिक' लिहिलं आणि मनकर्णा त्या ताटातच राहिली. बासष्ट वर्षांनी खिडकीवरचा मुलगा विचारत होता की ह्या दोन बायांचा एकमेकींशी संबंध काय. मग प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार आणि पेपरात जाहिरात, की मनकर्णा आणि माणिकबाई ह्या दोन नावांची व्यक्ती एकच आहे. जाहिरात आली त्या दिवशी शेजारचे बुधाजी पेपर घेऊन सकाळीच आले आणि हळू आवाजात विचारू लागले की इस्टेटीचं काही भांडण लागलं का.

आईनं ती जाहिरात दोनदा वाचून घेतली. मग म्हणाली, "मनकर्णालेच ने मंग समुद्रावर. माणिकबाईनं लय काम केलं, ते थकली आता."

बुधाजींचा परिचय करून द्यायला हवा. निवृत्त तलाठी. त्यांना सगळ्यातलं कळतं. त्यांनीच शंका काढली की जहाज हलते, आणि हलण्याची सवय नसलेल्या माणसाच्या पोटातलं सगळं वर येते. उपाय त्यांच्याकडे तयार होता. आमच्या ओसरीत सागवानी बंगई आहे, तीच झोका घ्यायची. तिच्यावर आईला रोज अर्धा तास झुलवायचं, दर दिवशी थोडं जास्त. मला हे शास्त्रीय वाटलं. तोल जाऊ नये म्हणून तिला धरून मीही बसायचो आणि बुधाजी झोका द्यायचे. चौथ्या दिवशी आई बंगईवर गाढ झोपली आणि मी उठून मोरीकडे पळालो. बुधाजी म्हणाले, म्हातारीचं जमलं, पण तुमचं काही खरं नाही.

त्यानंतर पिंटूनं आणखी एक बातमी आणली. वाटेतल्या एका बेटावर जहाज किनाऱ्याला लागतच नाही. ते दूर उभं राहतं आणि लोकांना छोट्या होडीतून नेतात. व्हीलचेअरवाल्यांनी तिथे जहाजातच थांबावं, असं पिंटूचं मत पडलं. मला ते पटलं नाही. एवढ्या लांब जाऊन बेट खिडकीतून पाहायचं, हे कुंदनरावांना कळलं तर जन्मभर पुरेल. मी ठरवलं, तालीम करायची. होडी कुठे आहे? कौंडण्यपूरला. वर्धा नदी आहे, घाट आहे, डोंगा आहे. आणखी काय पाहिजे?

रविवारी निघालो. मी, आई, रागिणी, नवी कोरी व्हीलचेअर आणि न बोलावलेले बुधाजी. घाटावर देवमन नावाचा डोंगेवाला भेटला. त्याला मी सगळी योजना समजावून सांगितली. फळी टाकायची, ब्रेक सोडायचे, तीस अंशाच्या कोनातून खुर्ची आत घ्यायची. देवमननं ऐकून घेतलं, विडी फेकली, शेजारच्या चहावाल्याची प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आणली, आईला तिच्यात बसवलं, आणि दोघा जणांनी खुर्चीसकट उचलून तिला डोंग्यात ठेवलं. एक मिनिटही लागलं नाही. मला हे मान्य नव्हतं, कारण जहाजवाल्यांकडे देवमन नसणार. मी व्हीलचेअर घेऊन फळीवर चढलो, सिद्ध करून दाखवण्यासाठी. ब्रेक सोडले. तीस अंशाचा कोन झाला असावा. पुढची चाकं चिखलात रुतली, मी मात्र थांबलो नाही.

पाणी कंबरेइतकंच होतं, हे बुधाजी नंतर सगळ्यांना आवर्जून सांगत. त्यांनी चित्रीकरण केलेलं होतं. संध्याकाळी ते आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर होतं आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला. साधनाचा फोन आला. तिनं विचारलं, दादा, लागलं तर नाही ना, आणि मागे कुंदनरावांचा खोकल्यासारखा आवाज येत होता. मी म्हणालो, हे तालमीतच व्हायला पाहिजे असतं.

ह्या सगळ्या गडबडीत आई डोंग्यातून पलीकडे जाऊन परत आली होती. उतरायला तयार होईना. मी घाटावर पॅंट पिळत उभा, आणि तिनं देवमनला आणखी एक फेरी मारायला लावली. पलीकडून तिनं मला हात केला. लहानपणी मी शाळेत जाताना करायची तसा.

पासपोर्ट आला. व्हिसासाठी मात्र दोघांनाही जातीनं मुंबईला जाऊन कागद द्यायचे आणि बोटांचे ठसे द्यायचे होते. इथे मला आयुष्यातली सर्वांत मोठी अडचण दिसली, जी पिंटूच्या डोक्यातही आली नव्हती. मुंबईला समुद्र आहे.

आईचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. एकदा बाबांनी आम्हाला चिखलदऱ्याला नेलं होतं. पहिल्याच पॉइंटवर तिनं दरीत डोकावून पाहिलं, म्हणाली, पाह्यलं, चाला. बाकीचे सगळे पॉइंट आम्ही गाडीतून न उतरता केले. एक वस्तू एकदा पाहिली की तिचा विषय संपतो. आता ह्या बाईनं टॅक्सीतून अरबी समुद्र पाहिला तर ती काय म्हणणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पाह्यला, चाल घरी. आणि मग मी चार महिने फाईली करून, मोरीत ओकून, वर्धेत बुडून शेवटी आईला काय दाखवलं? जे कुंदनरावांनी पार्बताबाईंना विमान बदलताना दाखवलं ते. म्हणून ठरवलं, मुंबईत आईला समुद्र दिसता कामा नये. तिचा पहिला समुद्र भूमध्यच असला पाहिजे.

सकाळी गाडीतून उतरलो. टॅक्सीवाल्याला आधीच सांगितलं, बाबा, समुद्राच्या बाजूनं नेऊ नको. तो मला वर-खाली पाहून म्हणाला, साहेब, लोक समुद्र दाखवा म्हणतात. शिवाय दुसरा रस्ता खोदलेला होता. मग मी बाबांचा दुपट्टा काढला. बाबा शेतात जाताना डोक्याला गुंडाळायचे तो पांढरा दुपट्टा आई प्रवासात पायावर घेते. त्याला मधोमध विडीनं पडलेलं भोक आहे, आणि त्या भोकावरून बाबा असेपर्यंत दोघांचं दर आठवड्याला एक भांडण ठरलेलं होतं. तो दुपट्टा मी तिच्या बाजूच्या काचेत अडकवला. म्हणालो, ऊन लागेल. सकाळचे साडेसात झाले होते आणि ढग आलेले होते. आई म्हणाली, "बरं बावा."

पंधरा मिनिटं मी डाव्या हातानं दुपट्ट्याचं टोक धरून बसलो होतो. पलीकडे लाटा आपटत होत्या त्या ऐकू येऊ नयेत म्हणून मोठमोठ्यानं पिंटूबद्दल बोलत होतो. वाऱ्यानं दुपट्टा फडफडायचा. एकदा आईनं विचारलं, हा वास कायचा? मी म्हणालो, मुंबईचा. तिनं मान हलवली आणि पुन्हा दुपट्ट्याकडे तोंड करून बसली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

अर्ज केंद्रात खिडकीवर एक तरतरीत मुलगी होती. आधी आईचे कागद. मनकर्णा, माणिकबाई, प्रतिज्ञापत्र, पेपरातली जाहिरात, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. एकेक पान तिनं उलटलं आणि म्हणाली, सर, एवढी व्यवस्थित फाईल मी पहिल्यांदा पाहते. मी मान नुसती किंचित झुकवली.

मग ठसे. आईनं बोटं यंत्रावर ठेवली. यंत्र लाल झालं. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. साठ वर्षं कापूस वेचून, निंदण करून त्या बोटांवर रेषा उरल्याच नव्हत्या. चौथ्यांदा लाल झाल्यावर मुलगी म्हणाली, मी साहेबांना विचारून येते, कदाचित पुन्हा कधी यावं लागेल. सगळ्या त्रुटींचा विचार केला होता, पण आईच्या बोटांत त्रुटी असेल हे कुठे सुचणार?

आईनं तिला थांबवलं. "थांब वं बाई. आमच्या राशनवाल्याची मशीन बी असंच करते." असं म्हणून तिनं दहाही बोटं केसांतल्या तेलावरून फिरवली, कपाळावर घासली, पदराला हलकेच पुसली आणि यंत्रावर दाबून धरली. हिरवा दिवा लागला. शेजारच्या खिडकीवर एक आजोबा असेच अडले होते. तिथल्या माणसानं आईला विचारून घेतलं की आधी केस की आधी कपाळ.

"आता तुमचं, सर," मुलगी म्हणाली. मी डांबरगोळ्यांचा वास असलेला माझा पासपोर्ट पुढे सरकवला. तिनं पहिलं पान उघडलं, शेवटचं उघडलं, परत पहिलं उघडलं. मग ती जे बोलली ते मी एकतीस वर्षं दुसऱ्यांना म्हणत आलोय.

"सर, यात त्रुटी आहे."

पासपोर्टची मुदत आम्ही परत येण्याच्या तारखेनंतर बारा दिवसांनी संपत होती. नियम तीन महिन्यांचा होता. बारा दिवस! कोऱ्या पासपोर्टाची दहा वर्षं कपाटात कधी सरली ते मला कळलंच नव्हतं. नवा काढेपर्यंत जहाज निघून जाणार होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण एकतीस वर्षांत माझ्या टेबलापुढे उभ्या राहिलेल्या माणसांपेक्षा वेगळं मलाही काही सुचलं नाही.

मुलगी चांगली होती. म्हणाली, आजींचं सगळं ठीक आहे, त्यांच्यासोबत दुसरं कोणी जाऊ शकत असेल तर त्यांचा अर्ज आजच ठेवते. मी बाहेर जाऊन साधनाला फोन केला. तिचा पासपोर्ट सिंगापूरसाठी काढलेला, ताजा, नऊ वर्षं शिल्लक. ती एका श्वासात म्हणाली, मी नेते ना दादा आईला, तू कशाला मनाला लावून घेतोस. ती मनापासून बोलत होती, आणि त्यामुळेच जास्त लागलं. पण समुद्र आईनं पाहायचा होता, मी नाही. आत येऊन मी आईला सांगितलं की साधना येतेय, तुझं जाणं पक्कं, अर्ज ठेवू.

आईनं खिडकीतून आत हात घालून आपली फाईल उचलली आणि मांडीवर ठेवली. "नाई ठेवाची बाई," ती त्या मुलीला म्हणाली. "पोराचं झाल्यावर दोघाचं संगच ठेवजो. मी थांबतो."

ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेली बाई म्हणत होती, मी थांबते. मी व्हीलचेअर फिरवली आणि तिला बाहेर आणलं. टॅक्सीत बसवल्यावर ड्रायव्हरला म्हटलं, बाबा, आता समुद्राच्या बाजूनंच ने. आणि थांबव. लपवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. निदान हा तरी तिनं पाहावा. पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं?

गाडी कठड्याजवळ उभी राहिली. मी काचेतला दुपट्टा ओढून काढला आणि म्हणालो, "आई, हा पाह्य समुद्र."

तिनं पाहिलं. जराही चकित झाली नाही. पाण्याकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि दुपट्टा माझ्या हातातून घेऊन पायावर पसरला.

"हा त सकाळीच पाह्यला मी," ती म्हणाली. "तुह्या बापाच्या विडीच्या भोकातून. लय भांडली होती मी त्या भोकावरून. शेवटी आलं ना कामी."

मी विचारलं, "मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं त तू म्हणला असता, झालं, पाह्यला, चाल घरी." ती दुपट्ट्याची घडी नीट करत राहिली. "तीन वर्स मी भिंत पाह्यली रे शेखर. ह्या चार महिन्यात माहेर पाह्यलं, शाळा पाह्यली, कौंडण्यपूरले डोंग्यात बसली, मुंबई पाह्यली. मले काय समुद्राची घाई नाई. तू आपला कागद कर बरोबर."

माझे डोळे भरून आले, हे मी मान्य करतो. वारा खारा होता, पण त्याचा काही दोष नव्हता. चार महिने मी समजत होतो की आईला न्यायची तयारी चालली आहे. तिच्या लेखी जाणं मोर्शीच्या रस्त्यावर, मागच्या सीटवरच्या उशांतच सुरू झालं होतं.

व्हीलचेअर उतरवली आणि कठड्याच्या कडेकडेनं तिला अर्धा किलोमीटर ढकलत नेलं. फुटपाथ जागोजागी उखडलेला होता आणि माझे हात भरून आले. वाऱ्यानं तिचा पदर उडाला, तो तिनं आवरला नाही. पार्बताबाई म्हणाल्या होत्या ते खरं होतं. तेवढ्यात पिंटूचा फोन आला. त्याला मी सांगितलं की पुढच्या वर्षीचं जहाज बघ, आणि माझा पासपोर्ट परवा तुझ्याकडे आणून देतो, तूच तपास. पिंटूनं ते वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं.

परत फिरताना आईनं विचारलं, "शेखर, तो तुह्या जहाजाचा समुद्र याच्याहून मोठा हाय का रे?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण नकाशा मी आता नीट पाहिला होता. "नाई वं आई. लहान हाय."

आईनं गुडघ्यांवरून हात फिरवला, पुन्हा एकदा पाण्याकडे पाहिलं, आणि समाधानानं म्हणाली, "लहानच बरा. हा काई माह्या गुडघ्याले झेपला नसता."